डॅकचा आवाज कधी बोचरा, कधी मंद: सॅम्पलिंग रेट आणि फिल्टर कसे तपासावेत

तक्रार साधारण अशी असते: डॅक (डिजिटल फाइलीतल्या आकड्यांचा आवाज करणारं यंत्र) तोच, हेडफोन तोच, पण काही फाइलींवर 'स', 'श', 'च' कानाला बोचतात, झांजांचा आवाज खरखरीत होतो, आणि पुढच्याच फाइलवर सगळं सुरळीत. कधी याच्या उलट, वरचे स्वर बसल्यासारखे वाटतात. डॅकच्या मेनूतला फिल्टर बदलला की दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. शेवटी डॅक बदलला जातो आणि नव्या डॅकवरही तीच तक्रार हजर.

ती परत येते कारण संशय भलत्याच ठिकाणी घेतलेला असतो. डॅकच्या फिल्टरमुळे पडणारा फरक बहुतेक वेळा १५ किलोहर्ट्झच्या वरचा आणि बारीक असतो. ठळक ऐकू येणारा, तोही फाइलगणिक बदलणारा फरक सहसा डॅकच्या अलीकडेच तयार झालेला असतो: संगणक किंवा फोन गुपचूप रेट (सेकंदाला किती नमुने, ते माप) बदलत असतो, नाहीतर फाइल इतकी ठासून भरलेली असते की डॅकच्या आतल्या गणिताला वर जागाच उरत नाही. म्हणून क्रम ठरवून घ्या. डॅकला खरोखर कोणता रेट पोचतोय ते आधी, मग हेडरूम (शिखरांसाठी वर उरलेली मोकळी जागा), मग क्लॉक (नमुन्यांचा वेग ठरवणारं आतलं घड्याळ), आणि फिल्टर सगळ्यात शेवटी.

डॅकला नेमका कोणता रेट मिळतोय?

सीडीवरून घेतलेल्या फाइली ४४.१ किलोहर्ट्झच्या, व्हिडिओसोबतचा आवाज ४८ चा. हाय-रेझ फाइली दोन्ही कुळांत सापडतात: ४४.१ च्या कुळात ८८.२ आणि १७६.४, ४८ च्या कुळात ९६ आणि १९२. या दोन कुळांचं आपसात सोपं गणित जमत नाही. ४४.१ चे ४८ करायचे तर दर १४७ नमुन्यांच्या जागी १६० नवे नमुने मोजून काढावे लागतात. हे काम करणारा रिसॅम्पलर चांगला असेल तर हा बदल कानाला कळत नाही. प्रोसेसर वाचवण्यासाठी काटकसर केलेला असेल तर मूळ संगीताशी काही नातं नसलेले सूर वरच्या पट्टीत मिसळतात, आणि तोच तो खरखरीतपणा.

पटपट करायची चाचणी अशी: एक ४४.१ ची आणि एक ९६ ची फाइल पाठोपाठ वाजवा आणि डॅकचा डिस्प्ले किंवा रेट दाखवणारा दिवा बघा. आकडा बदलला नाही तर मध्ये कुणीतरी रेट बदलतंय. डिस्प्लेवर ४४.१ दिसतं म्हणून निर्धास्त होऊ नका, सिस्टीम ४४.१ वर कायम ठेवलेली असेल तर ४८ आणि ९६ च्या फाइली तिथे खाली ओढल्या जात असतात. दोन्ही कुळांच्या फाइली तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

विंडोजमध्ये साउंड कंट्रोल पॅनेल उघडा, प्लेबॅकमध्ये डॅक निवडा, प्रॉपर्टीज आणि तिथून अ‍ॅडव्हान्स्ड. 'डीफॉल्ट फॉरमॅट'मध्ये जो रेट असेल, तोच शेअर्ड मोडमधल्या, म्हणजे विंडोजच्या मिक्सरमधून जाणाऱ्या, प्रत्येक आवाजाला लागू होतो. फाइल कुठलीही असो. त्याच पानावर एक्स्क्लुझिव्ह कंट्रोलची परवानगी देणारी खूण करा आणि प्लेअरच्या आउटपुटमध्ये वासापी एक्स्क्लुझिव्ह किंवा डॅकसोबत आलेला एएसआयओ ड्रायव्हर निवडा (दोन्ही मिक्सर टाळून थेट डॅकशी बोलतात). ऑडिओ एन्हान्समेंट आणि स्पेशियल साउंड बंद करा. ही दोन विसरली जातात, आणि कधीकधी तक्रारीचं मूळ तिथेच असतं.

मॅकवर ऑडिओ मिडी सेटअपमध्ये डॅकचा रेट दिसतो. साधे प्लेअर फाइलप्रमाणे तो बदलत नाहीत. रेट स्वतः बदलणारा प्लेअर घ्यावा किंवा ज्या कुळाच्या फाइली जास्त त्या कुळावर ठेवून द्यावा. लिनक्सवर पाइपवायरचा, म्हणजे तिथला आवाज हाताळणाऱ्या प्रोग्रॅमचा, मूळ रेट ४८ असतो. सेटिंगच्या फाइलीत 'अलाउड रेट्स'च्या यादीत ४४१००, ४८०००, ८८२००, ९६००० असे आकडे भरले की तो फाइलप्रमाणे बदलू लागतो. यात एक मेख आहे. दुसरा कुठलाही प्रोग्रॅम आवाज वाजवत असेल तर पाइपवायर रेट बदलत नाही, म्हणून ब्राउझरमधला थांबवायचा राहिलेला व्हिडिओ सगळी मेहनत पाण्यात घालतो. रेट बदलणं टाळताच येत नसेल तर रिसॅम्पलरची क्वालिटी वाढवा: पाइपवायरमध्ये ती मुळात ४ असते, १० वर नेली की प्रोसेसरवर थोडा भार येतो आणि आवाजाबद्दल चिंता उरत नाही. अँड्रॉइड फोन सहसा सगळं ४८ वर आणून मिसळतात. तिथे यूएसबी डॅकशी थेट बोलणारा प्लेअर वापरणं हा सरळ उपाय.

कानाने करायची चाचणी

डिस्प्ले नसलेल्या डॅकवर, किंवा मधला रिसॅम्पलर कितपत बरा आहे हे कळण्यासाठी, एक सरकता सूर तयार करा. ऑडेसिटीत प्रोजेक्ट रेट ९६००० ठेवा, 'जनरेट'मधून 'चर्प' निवडा, सुरुवात १००० हर्ट्झ, शेवट ४७००० हर्ट्झ, अँप्लिट्यूड ०.२, वाढ लिनिअर, लांबी ४६ सेकंद. २४ बिट वेव्ह म्हणून साठवा. या मापांमुळे सूर दर सेकंदाला बरोबर १ किलोहर्ट्झने चढतो, म्हणजे घड्याळ बघून वारंवारता सांगता येते: १० व्या सेकंदाला ११, २३ व्या सेकंदाला २४.

आवाज अगदी कमी ठेवून वाजवा. १५ ते २० किलोहर्ट्झचा सूर ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवायचा मोह होतो. त्यात ट्विटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा स्पीकर) जळतो. हेडफोन सुरुवातीला कानापासून लांबच धरा.

सगळं ठीक असेल तर सूर चढत जाईल, आपल्या कानाच्या मर्यादेपाशी नाहीसा होईल आणि शेवटपर्यंत शांतता राहील. पण काही वेळ शांतता राहून सूर पुन्हा उगवला आणि आता खाली उतरू लागला, तर मधला रिसॅम्पलर वाईट आहे. ४८ च्या रेटमध्ये त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे २४ च्या, वरचं काहीच मावत नाही; आधी गाळून टाकलं नाही तर ते २४ वरून परत फिरतं. ३७ व्या सेकंदाला फाइलीत ३८ किलोहर्ट्झ असतं, कानाला मात्र १० ऐकू येतं. यालाच अलायसिंग म्हणतात. एकदा मिसळलेलं अलायसिंग पुढे कुठलाही डॅक, कुठलाही फिल्टर वेगळं काढू शकत नाही, कारण आता ते ऐकू येणाऱ्या पट्टीत बसलेलं असतं. ही चाचणी दोन मिनिटांची आहे आणि तिच्यामुळे डॅक बदलायचा खर्च वाचतो.

हेडरूम: फक्त मोठ्या आवाजाच्या फाइली बोचतात तेव्हा

रेट बरोबर पोचतोय, तरी ठासून मास्टर केलेली गाणीच बोचतात आणि हळुवार रेकॉर्डिंग निर्दोष वाजतं. असं असेल तर संशय नमुन्यांच्या मधल्या शिखरांवर घ्या.

फाइलीतले नमुने कमाल पातळीला टेकलेले असले तरी त्यांच्यामधून जाणारी खरी लाट त्यांच्याही वर जाऊ शकते. याचं चोख उदाहरण म्हणजे ११.०२५ किलोहर्ट्झचा सूर, ४४.१ च्या फाइलीत, ४५ अंशांच्या फेजवर. इथे प्रत्येक नमुना शिखराच्या आजूबाजूला पडतो, शिखरावर एकही नाही. नमुने ० डेसिबलला नेऊन ठेवले तर खरी लाट ३.०१ डेसिबल वर पोचते. डॅकमधला ओव्हरसॅम्पलिंग फिल्टर (मूळ नमुन्यांच्या मधे नवे नमुने काढून रेट वाढवणारा) नेमकी ही मधली शिखरं मोजून काढतो, आणि चिपमध्ये त्यांच्यासाठी जागा ठेवलेली नसेल तर ती तिथेच छाटली जातात. छाटलेल्या शिखरांतून नवे सूर जन्मतात. संगीत एकसुरी नसल्यामुळे त्यांच्या बेरजा-वजाबाक्या ऐकू येणाऱ्या पट्टीत येऊन पडतात. एमपी३ किंवा एएसी फाइली उलगडताना तर शिखरं मूळ गाण्यापेक्षाही उंच जातात.

उपाय साधा आहे आणि फुकट आहे. प्लेअरच्या प्रीअँपमध्ये (पातळी कमी-जास्त करायच्या सेटिंगमध्ये) ३ ते ४ डेसिबल कमी करा, प्लेअरचं आउटपुट २४ बिट ठेवा, आणि कमी झालेला आवाज अँप्लिफायरवर भरून काढा. रिप्लेगेन (गाण्यांची पातळी एकसारखी करणारी प्लेअरमधली सोय) चालू केला की मोठ्या फाइलींना ही जागा आपोआप मिळते. २४ बिटच्या मार्गात ४ डेसिबलची किंमत नगण्य आहे, कारण एक बिट म्हणजे ६.०२ डेसिबल. डॅकच्या स्वतःच्या नॉबने मात्र हे काम होईलच असं नाही. कित्येक रचनांत तो व्हॉल्यूम फिल्टरच्या पुढे असतो, म्हणजे छाटणी होऊन गेल्यावर. कपात फिल्टरच्या आधी, म्हणजे प्लेअरमध्येच झाली पाहिजे. सिस्टीमचा रिसॅम्पलरसुद्धा अशीच नवी शिखरं काढतो, त्यामुळे तो टाळता येत नसेल तर ही कपात दुप्पट गरजेची.

बोचऱ्या आवाजाची जितकी प्रकरणं 'डॅकचा स्वभावच असा' म्हणून सोडून दिली जातात, त्यांतली बरीचशी ३ डेसिबल कमी केल्यावर मिटतात. फिल्टरच्या मेनूला हात लावण्याआधी हे करून बघाच.

टक् आवाज, तुटलेली सुरुवात, चढलेला सूर

या तक्रारी क्लॉकच्या असतात आणि त्यांचं निदान पटकन होतं.

गाण्याची पहिली अर्धी सेकंद गायब होत असेल, तीही रेट बदलतो तेव्हाच, तर डॅक नव्या क्लॉकवर स्थिर होईपर्यंत आवाज बंद ठेवतोय. बऱ्याच डॅकमध्ये दोन क्रिस्टल असतात: ४४.१ च्या कुळासाठी २२.५७९२ मेगाहर्ट्झ आणि ४८ च्या कुळासाठी २४.५७६ (किंवा दोन्हींची दुप्पट). एकावरून दुसऱ्यावर जाताना थोडा वेळ लागणारच. प्लेअरमध्ये गाण्याआधी अर्धा-एक सेकंद शांतता घालायची सोय असेल तर ती वापरा.

नियमित अंतराने येणारा एकच टक् आवाज म्हणजे दोन क्लॉक एकमेकांपासून सरकतायत. दोघांत दशलक्षात ५० भागांचा फरक असेल तर ४८ किलोहर्ट्झवर सेकंदाला २.४ नमुन्यांची तफावत साचते. १०२४ नमुन्यांचा बफर (नमुने तात्पुरते साठवायची जागा) साधारण सात मिनिटांनी भरतो किंवा रिकामा होतो, आणि तेव्हा टक् होतं. घड्याळ लावून अंतर मोजा. ते दरवेळी सारखंच निघालं तर केबल बदलून काही होणार नाही. एक यंत्र मुख्य आणि दुसरं त्याच्या क्लॉकवर चालणारं असं सेट करा, किंवा असिंक्रोनस यूएसबी जोडणी वापरा, तिथे डॅकचंच क्लॉक मुख्य असतं. अंतर अनियमित असेल तर केबल, यूएसबी हब आणि बफरचा आकार बघा. ऑप्टिकल केबलवर ९६ पर्यंत सहसा निभावतं. १९२ वर आवाज तुटत असेल तर आधी रेट ९६ करून बघा.

गाणं भराभर आणि चढ्या सुरात वाजत असेल, म्हणजे सुमारे दीड अर्धस्वराने वर, तर ४४.१ ची फाइल ४८ च्या क्लॉकवर चाललीय. दोघांचं गुणोत्तर १.०८८ आहे. हे रिसॅम्पलिंग नव्हे. ड्रायव्हर आणि डॅक यांच्यात रेटबद्दल एकमत झालेलं नाही. ड्रायव्हर नव्याने बसवा.

आता फिल्टर

वरचं सगळं निस्तरल्यावर जो फरक उरतो, तो फिल्टरचा.

नमुन्यांपासून परत लाट बनवताना मूळ आवाजाच्या जोडीला त्याच्या आरशातल्या प्रतिमा तयार होतात. ४४.१ च्या रेटमध्ये २० किलोहर्ट्झच्या सुराची प्रतिमा २४.१ ला, १९ ची २५.१ ला. फिल्टरचं काम एवढंच: २० पर्यंत सगळं जसंच्या तसं जाऊ द्यायचं आणि २४.१ पासून पुढचं अडवायचं. मधे जेमतेम ४ किलोहर्ट्झ. हा पेच सीडीइतकाच जुना आहे. १९८२ च्या सोनीच्या सीडीपी-१०१ मध्ये तीव्र उताराचा अ‍ॅनालॉग फिल्टर होता. फिलिप्सने सुरुवातीच्या प्लेअरमध्ये १४ बिटांची टीडीए१५४० चिप आणि चौपट ओव्हरसॅम्पलिंग वापरलं, म्हणजे रेट १७६.४ वर नेऊन अवघड काम डिजिटल फिल्टरकडे दिलं आणि अ‍ॅनालॉग फिल्टर सौम्य ठेवला. आजच्या बहुतेक चिप त्याच वाटेने जातात, सहसा आठपटीने.

मेनूत 'फास्ट' किंवा 'शार्प' लिहिलेला फिल्टर २० पर्यंत सपाट असतो आणि २४.१ च्या सुमारास पूर्ण अडवतो. 'स्लो' फिल्टर आधीपासूनच उतरू लागतो, ४४.१ वर तो १८ च्या आसपास ३ डेसिबल खाली गेलेला असू शकतो आणि पूर्ण अडवणूक ३५ ते ४० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात कुठेतरी होते. नेमके आकडे चिपच्या डेटाशीटमध्ये असतात, ते बघून घ्यावेत. 'लिनिअर फेज' सगळ्या वारंवारतांना सारखाच उशीर लावतो, त्यामुळे ठोक्याच्या आधी आणि नंतरही बारीक कंप उमटतो. 'मिनिमम फेज'मध्ये कंप फक्त नंतर येतो, पण वरच्या वारंवारता किंचित मागे पडतात. 'अपोडायझिंग' थोडा अलीकडे उतरायला लागतो आणि २२.०५ ला पोचेपर्यंत पूर्ण अडवतो.

ठोक्याआधीच्या कंपाचा जो बाऊ केला जातो, त्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. तो कंप २२ किलोहर्ट्झच्या आसपासचा असतो, आणि तो उठायला त्याच पट्ट्यात ऊर्जा लागते. चित्रांत दाखवतात तो एका नमुन्याचा ठोका हा मुद्दाम बनवलेला सिग्नल आहे. रेकॉर्डिंग करताना नीट गाळलेल्या संगीतात तो असा येत नाही. म्हणून 'स'चा बोचरेपणा लिनिअर फेजमुळे आहे हे निदान बहुधा चुकतं. 'स'ची मुख्य ऊर्जा ५ ते १० किलोहर्ट्झच्या दरम्यान असते, आणि तिथे हे सगळे फिल्टर जवळपास सारखेच वागतात.

निवड करायची तर: ४४.१ आणि ४८ साठी फास्ट लिनिअर हा पाया धरा. व्हिडिओसोबत ओठ आणि आवाज जुळत नसतील किंवा गाताना स्वतःला ऐकायचं असेल तर मिनिमम फेज किंवा 'लो लेटन्सी' घ्या, उशीर कमी होतो. स्लो फिल्टर ४४.१ वर मला पटत नाही. वर उतार आणि मागे प्रतिमांची गळती, दोन्ही पदरात पडतात. ९६ किंवा १९२ च्या फाइलींवर मात्र स्लोला हरकत नाही, कारण २० ते ४८ पर्यंत ऐसपैस जागा असते आणि त्याचा उतार कानाच्या बाहेरच राहतो. यातून एक उपयोगी युक्ती निघते: डॅकचा फिल्टर आवडत नसेल किंवा बदलता येत नसेल, तर प्लेअरमध्येच उत्तम दर्जाच्या रिसॅम्पलरने ४४.१ चे १७६.४ करून पाठवा. अवघड फिल्टर मग प्लेअरमध्ये चालतो आणि डॅकच्या फिल्टरला सोपं काम उरतं. आधी ४ डेसिबल कमी करायला विसरू नका.

फिल्टर नसलेले डॅक

ओव्हरसॅम्पलिंग न करणाऱ्या, म्हणजे एनओएस, डॅकवर दोन तक्रारी एकाच वेळी येतात: आवाज मंदही वाटतो आणि वर खरखरही असते. दोन्हींचं कारण पायऱ्यांची लाट. प्रत्येक नमुना पुढचा येईपर्यंत तसाच धरून ठेवल्यामुळे ४४.१ वर १० किलोहर्ट्झला ०.७५, १५ ला १.७ आणि २० ला ३.२ डेसिबलची घट येते. आणि प्रतिमा जवळपास अडथळ्याविना अँप्लिफायरकडे जातात. प्रतिमा स्वतः ऐकू येत नाहीत, पण अँप्लिफायर किंवा ट्विटर थोडाही वाकडा वागला तर मूळ सूर आणि प्रतिमा यांच्यातला फरक ऐकू येणाऱ्या पट्टीत उतरतो: २० आणि २४.१ मधून ४.१ किलोहर्ट्झ.

हे ओळखायला पुन्हा चर्पच, पण आता ४४.१ ची फाइल आणि १० ते २१ किलोहर्ट्झ. मुख्य सूर चढत असताना एक बारीक सूर दुप्पट वेगाने खाली येताना ऐकू आला, तर अँप्लिफायरला प्रतिमा झेपत नाहीयेत.

बोर्डवर आउटपुटला एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर लावून हे मिटेल असं वाटतं, आणि तिथे बरीच खटपट वाया जाते. हिशोब बघा. १ किलोओहम आणि ४.७ नॅनोफॅरड घेतले तर कोपरा ३३.९ किलोहर्ट्झला येतो. २४.१ वरची प्रतिमा त्याने फक्त १.८ डेसिबल कमी होते आणि २० वरचं संगीत १.३ डेसिबल. म्हणजे आधीच उतरलेला वरचा स्वर आणखी उतरला, आणि प्रतिमा जागच्या जागी. एका पायरीचा फिल्टर जवळच्या प्रतिमांना हात लावू शकत नाही. अशा डॅकला प्लेअरमधूनच ८८.२, ९६ किंवा चिप पेलेल तेवढा रेट द्या. ९६ वर २० किलोहर्ट्झची घट ०.६ डेसिबलवर येते आणि प्रतिमा ७६ ला जाते, तिथे तोच कपॅसिटर तिला ७.८ डेसिबलने दाबतो. कपॅसिटर सीझीरोजी जातीचा सिरॅमिक किंवा फिल्मचा असावा; एक्स७आर जातीचा सिरॅमिक सिग्नलच्या मार्गात विकृती वाढवतो.

फक्त काही जुन्या सीडी तीव्र, किंवा सगळ्याच ४४.१ फाइली मंद

सीडीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या काही तबकड्या प्री-एम्फसिसने, म्हणजे वरचे स्वर मुद्दाम वाढवून, भरलेल्या आहेत. वाढ ५०/१५ मायक्रोसेकंदांच्या ठरलेल्या वक्राने होते: १० किलोहर्ट्झला ७.६ आणि २० ला ९.५ डेसिबल. सीडीवर तशी खूण असते आणि प्लेअर ती वाचून तेवढंच कमी करतो. फाइल काढताना ती खूण सहसा हरवते, आणि मग ती एक तबकडी इतरांपेक्षा भयंकर टोकदार वाजते. डॅकचा फिल्टर बदलून हे जाणार नाही. ज्यात डी-एम्फसिसची सोय आहे अशा प्रोग्रॅममधून (सॉक्स या ऑडिओ प्रोग्रॅममध्ये ती आहे) फाइल एकदा काढून घ्या.

उलट बाजूने हाच वक्र डॅकमध्ये चुकून चालू राहतो तेव्हा सगळं मंद वाजतं. पीसीएम५१०२ए चिपच्या लहान बोर्डांवर हे नेहमी घडतं. बोर्डाच्या मागे सोल्डर करायच्या चार जागा असतात, प्रत्येकीला एच आणि एल अशा दोन बाजू. १ नंबरची जागा फिल्टरची, २ डी-एम्फसिसची, ३ म्यूटची, ४ डेटाच्या फॉरमॅटची. १, २ आणि ४ एल बाजूला जोडा, ३ एच बाजूला. जागा मोकळ्या राहिल्या तर पिन अधांतरी लटकतात, आणि बोर्ड कधी नीट, कधी मंद, कधी मुका होतो. २ नंबर एचकडे गेला तर ४४.१ वर डी-एम्फसिस लागतं. १ नंबर एचकडे नेला तर कमी उशिराचा फिल्टर चालू होतो. मास्टर क्लॉक देणार नसाल तर एससीके पिन ग्राउंडला जोडा, म्हणजे चिप आतल्या पीएलएलवर (स्वतःच मास्टर क्लॉक बनवणाऱ्या सर्किटवर) चालते. ती मोकळी ठेवली की खरखर आणि तुटक आवाज येतो.

मोजून खात्री

फिल्टर खरंच बदलतोय का, रेट खरंच तोच आहे का, हे मोजता येतं. ४४.१ च्या फाइलीत सरासरी उणे १२ डेसिबलच्या आसपास व्हाइट नॉइज (सगळ्या वारंवारता सारख्याच प्रमाणात असलेला आवाज) भरा, डॅकचं लाइन आउटपुट ऑडिओ इंटरफेसच्या लाइन इनपुटला जोडा, आणि रेकॉर्डिंग १९२ किलोहर्ट्झवर करा. इथेच चूक होते: रेकॉर्डिंग ४४.१ किंवा ४८ वर केलं तर इंटरफेसचा स्वतःचा फिल्टर प्रतिमा गिळून टाकतो आणि प्रत्येक डॅक निर्दोष दिसतो. इनपुटची पातळी अशी लावा की शिखरं उणे ६ च्या वर जाणार नाहीत. स्पेक्ट्रम ६५५३६ बिंदूंचा घ्या आणि मिनिटभराची सरासरी काढा.

२० पर्यंत सपाट आणि २४ पर्यंत कड्यासारखा सुळका खाली, तर फास्ट. १५ पासून घसरगुंडी आणि ३५-४० पर्यंत शेपूट, तर स्लो. ४४.१ ला खोल खड्डा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना टेकड्या, तर एनओएस. मेनूत फिल्टर बदलूनही आलेख जसाच्या तसा राहिला, तर ती सेटिंग त्या रेटवर किंवा त्या इनपुटवर लागूच होत नाही. काही डॅकमध्ये असं असतं. हेडरूमसाठी मघाचा ११.०२५ चा सूर दोनदा नोंदवा, एकदा पूर्ण पातळीवर आणि एकदा ३.५ डेसिबल कमी करून. पहिल्यात ३३.०७५ किलोहर्ट्झला ठळक रेघ दिसली आणि दुसऱ्यात ती गेली, तर डॅक शिखरं छाटतोय.

कानाने दोन फिल्टर ताडून बघायचे असतील तर आधी पातळी जुळवा. ४०० हर्ट्झचा सूर वाजवून आउटपुटला मल्टिमीटरवर एसी व्होल्टेज मोजा. साध्या मीटरचा १ किलोहर्ट्झवर भरवसा नसतो. २ व्होल्टला ०.१ डेसिबल म्हणजे २३ मिलिव्होल्ट, त्याच्या आत दोन्ही सेटिंग असल्या पाहिजेत. एनओएस मोडवर जाताना काही डॅकची पातळी बदलते, आणि किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक स्वच्छ वाटतो. फर्मवेअर नव्याने टाकलं असेल तर मेनू पुन्हा उघडून बघा. फिल्टरची निवड मूळ जागी गेलेली असू शकते.